‘सी’च्या डोक्यावरचं टिंब

सिग्नलला समोर स्कोडाची गाडी उभी असेल, तर मागच्या झाकणावरचं नाव जरा नीट बघा. पहिल्या ‘एस’च्या माथ्यावर उलट्या छपरासारखी एक बारीक खूण असते. नव्या लिखावटीत ती अक्षरातच मुरवली आहे, पण आहे. तिला नक्षी समजू नका. हा ‘एस’ स नाही, श आहे, एवढंच ती सांगते. गाडीचं खरं नाव श्कोदा. चेक देशातल्या एका कारखानदाराचं हे आडनाव, आणि चेक भाषेत श्कोदा म्हणजे नुकसान. एखाद्या गोष्टीची हळहळ वाटली की तिथली माणसं ‘श्कोदा!’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्यात या गाड्या वीसहून अधिक वर्षं तयार होताहेत, आपण मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून स्कोडाच म्हणत आलो.

मुद्रितं तपासण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. अनुस्वार उडालाय का, रफार शेजारच्या अक्षरावर सरकलाय का, याकडेच डोळा लागलेला असतो. त्यामुळे ‘एस’वरची ती खूण दिसली की राहवत नाही. तिचा मूळपुरुष म्हणजे साधारण सहाशे वर्षांपूर्वी प्राग शहरात सुचवलं गेलेलं एक साधं टिंब. ते का सुचवावं लागलं, ते अक्षरांवर जाऊन बसायला किती वेळ लागला आणि टिंबाचं छप्पर कसं झालं, ते इथे सांगतो. रोमन अक्षरांची नावं आपण शाळेत शिकलो तशीच लिहितो, म्हणजे सी, एस, झेड. घोटाळा नको.

अडचण कुठून सुरू झाली ते आधी बघू. चेक ही स्लाव्ह कुळातली भाषा. लिपी तिला मिळाली लॅटिनची, तीही चर्चबरोबर आलेली. लॅटिनची अक्षरं तेवीस, आणि ती लॅटिनच्या मापाने बेतलेली. चेकमध्ये च आहे, श आहे, ‘टेलिव्हिजन’ म्हणताना मधे येतो तसा झ आहे, जीभ टाळूला चिकटवून म्हटलेले त, द, न आहेत, आणि एक असा र आहे की तो म्हणताना र आणि तो झ एकाच वेळी तोंडातून निघतात. द्वोर्झाक या संगीतकाराच्या नावात आपण ‘र्झ’ लिहितो तो हाच एक ध्वनी. यांतल्या एकालाही लॅटिनमध्ये स्वतःचं अक्षर नव्हतं. थोरल्या भावाचे कपडे धाकट्याला घालावेत, तसा प्रकार झाला. दंड घट्ट, पोट सैल.

सुरुवातीच्या लेखनिकांनी जवळपासचं अक्षर वापरून वेळ मारून नेली. याचा उत्तम नमुना लितोमेर्झित्से या गावच्या चर्चच्या दानपत्रात सापडतो. दानपत्र १०५७ सालचं, लॅटिनमधलं. त्यावर तेराव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी दोन चेक वाक्यांची भर घातली. चेक भाषेतली आज टिकून असलेली सर्वांत जुनी वाक्यं म्हणून तीच दाखवतात. अर्थ असा: पावेलने प्लोश्कोवित्से इथली जमीन दिली; व्लाखने दोलास इथली जमीन देवाला आणि संत श्चेपानला दिली, बोगुचेय आणि सेद्लाता या दोन माणसांसकट. माणसांसकट, हो. धन्याच्या आत्म्याला सद्गती मिळावी म्हणून चर्चला वाहून टाकलेली कुळं होती ती. चेकमधल्या पहिल्यावहिल्या वाक्यात दोन माणसांचं दान नोंदवलेलं आहे, हे वाचून मी जरा थांबलो होतो.

आता या वाक्यांतलं ‘सी’ हे एकच अक्षर धरून बघू. पावेलच्या गावाचं नाव लेखनिकाने असं लिहिलं आहे: पी, एल, ओ, एस, सी, ओ, यू, सी, आय, एच. यात ‘सी’ दोनदा आला. पहिला वाचायचा क, दुसरा त्स. पुढच्या वाक्यात बोगुचेयच्या नावात पुन्हा ‘सी’ येतो आणि तिथे तो च आहे. दोन वाक्यांत एका अक्षराचे तीन उच्चार. त्याच गावाच्या नावात ‘एस’ हा श आहे, पण संताला लावलेल्या ‘पवित्र’ या विशेषणात तोच स आहे. शेवटचा ‘एच’ ह नसून घशातला ख आहे.

लेखनिक अडाणी नव्हता. त्या काळच्या मध्य युरोपातल्या लॅटिन उच्चारात ‘सी’पुढे ए किंवा इ आला की त्स आणि अ, ओ, उ आला की क, असाच रिवाज होता. च त्याने त्यात स्वतःच्या सोयीने कोंबला. आणि वाचणाऱ्याला गाव, माणसं, संत सगळं आधीच ठाऊक असल्याने अडत काहीच नव्हतं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत, तरी पेशव्यांच्या दफ्तरात कुणाचं अडलं नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच कचेरीतले. आज तेच कागद वाचायला बसलं की माणूस रडकुंडीला येतो, तो भाग वेगळा.

चेकमधलं लेखन गावांच्या नावांपुरतं आणि लॅटिन पोथीच्या समासातल्या टिपांपुरतं होतं, तोवर हे चालून गेलं. चौदाव्या शतकात गणित बदललं. चेकमध्ये इतिवृत्तं लिहिली जाऊ लागली, वीरकाव्यं आली, पुढे अख्खं बायबल चेकमध्ये उतरलं. कधी न ऐकलेला मजकूर अनोळखी वाचकाने वाचायचा, अशी वेळ आली. मग लेखनिकांनी दोन अक्षरं जोडून एक ध्वनी दाखवायला सुरुवात केली. ‘सी-झेड’ मिळून च, ‘एस-एस’ मिळून श, ‘आर-झेड’ मिळून तो झ-मिश्रित र. इंग्रजीत ‘एस-एच’ मिळून श होतो, त्याच जातीची ही युक्ती.

युक्ती वाईट नव्हती, पण अर्धवट होती. ‘सी-झेड’ हा जोड च साठीही वापरत आणि त्स साठीही. चेकमध्ये ‘चास’ म्हणजे वेळ आणि ‘त्सो’ म्हणजे काय. दोन्ही शब्दांची सुरुवात ‘सी-झेड’नेच. कुठे काय म्हणायचं ते वाचणाऱ्याने ठरवायचं. शिवाय एका लेखनिकाचा जोड दुसऱ्याला मान्य असेलच असं नाही. ‘एस’ आणि ‘झेड’ यांच्या वाटण्या तर पोथीगणिक बदलत.

च आणि त्सचा हा घोळ मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. ‘चार गुरांना चारा घाल’ हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा. पहिला च तालव्य, चिमणीतला. दुसरा दंततालव्य, चमच्यातला, जवळजवळ त्स. अक्षर एकच. ‘जरा थांब’ आणि ‘जरा-मरण’ यांतला ज असाच. आपण लहानपणापासून ऐकत आल्याने चुकत नाही. पण मराठी शिकणाऱ्या परभाषकाला विचारा, चार आणि चारा यांत फरक आहे हे कळायलाच त्याला महिने लागतात. चेक लेखनिक नेमक्या याच जागी अडले होते. आपण तो प्रश्न वाचकाच्या कानावर सोपवून मोकळे झालो. त्यांच्यातल्या एकाला तसं करवेना.

तो माणूस म्हणजे यान हुस, असं परंपरा मानते. दक्षिण बोहेमियातल्या (बोहेमिया म्हणजे आजच्या चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग) हुसिनेत्स गावचा, जन्म १३७० च्या सुमाराचा. हुसा म्हणजे चेकमध्ये हंसाच्या जातीचा पाळीव पक्षी, आपला हंस आणि त्यांचा हुसा एकाच मुळातून आलेले शब्द. स्वतःच्या नावावर कोट्या करायची त्याला हौस होती. प्रागच्या विद्यापीठात तो शिकवत असे, १४०९ मध्ये तिथला कुलगुरू झाला. पण त्याचं खरं ठाणं होतं बेथलेहेम चॅपेल. १३९१ मध्ये हे प्रार्थनाघर बांधलं गेलं ते मुळी चेक भाषेत प्रवचनं व्हावीत म्हणून. १४०२ पासून हुस तिथे उभा राहून प्रागच्या सामान्य माणसांशी त्यांच्या भाषेत बोलू लागला. पुढे चर्चच्या कारभारावर केलेल्या टीकेपायी त्याला कोन्स्टान्सच्या धर्मसभेपुढे उभं केलं गेलं आणि ६ जुलै १४१५ रोजी जिवंत जाळलं. चेक देशात आजही ६ जुलैला सुट्टी असते. हुस जगाला ठाऊक आहे तो या मरणामुळे. टिंबाचं प्रकरण त्याच्या चरित्रात तळटीपेएवढं येतं.

भाषेच्या बाबतीत माणूस कडक होता. १४१२ च्या एका ग्रंथात तो प्रागकरांना झापतो: अर्धं चेक आणि अर्धं जर्मन बोलता, लाज वाटत नाही? हात पुसायच्या फडक्याला, कमरेच्या एप्रनला, चिलखताला चेक शब्द असताना जर्मन कशाला, असं तो एकेक शब्द मोजून विचारतो. त्या यादीत क्नेदलीक हाही शब्द आहे. उकडलेल्या पिठाच्या गोळ्याला शिश्का म्हणा, क्नेदलीक म्हणू नका, असं त्याचं म्हणणं. आज चेक जेवणाचं नाव घेतलं की पहिला पदार्थ आठवतो तो क्नेदलीक! शुद्धीच्या मोहिमांचं नशीब सगळीकडे असंच असतं. लेखनाच्या बाबतीत मात्र त्याच पिढीतली एक सूचना सहा शतकं टिकली.

ही सूचना एका छोट्या लॅटिन पुस्तिकेत आहे. तिचा विषय चेकचं लेखन कसं करावं. काळ साधारण १४०६ ते १४१२. पुस्तिकेवर लेखकाचं नाव नाही. तिची हस्तलिखित प्रत १८२० च्या दशकात इतिहासकार फ्रांतिशेक पालात्स्की याला त्र्झेबोन्यच्या दप्तरखान्यात सापडली आणि आतल्या खुणांवरून ती हुसची असावी असं ठरलं. छापून ती १८५७ मध्ये आली. लेखक हुसच का, यावर अभ्यासक अधूनमधून वाद घालतात. मला विचाराल तर पुस्तिका त्याच्या अवतीभवतीच्या वर्तुळातली आहे, एवढं पुरे आहे. खालीही मी सोयीसाठी ‘हुस’ म्हणतो.

पुस्तिकेचं म्हणणं थोडक्यात असं. लॅटिन अक्षरं चेकला पुरत नाहीत. अक्षरं जोडून काम भागवलं तर वाचणारा गोंधळतो. तेव्हा ध्वनी एक तर अक्षर एक. आणि नवी अक्षरं घडवायची नाहीत. आहे त्याच अक्षराच्या डोक्यावर एक गोल टिंब द्यायचं. साधा ‘सी’ म्हणजे त्स, टिंबवाला ‘सी’ म्हणजे च. साधा ‘एस’ स, टिंबवाला श. साधा ‘आर’ र, टिंबवाला तो विचित्र र. तसंच ‘झेड’, ‘डी’, ‘टी’, ‘एन’ यांचं. स्वर लांबवायचा असेल तर वर एक तिरपी बारीक रेघ.

इतकंच. पण यात कसब कुठे आहे ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. टिंब प्रत्येक अक्षरावर बहुतेक एकच काम करतं: खालच्या व्यंजनाला टाळूकडे ढकलतं, ‘मऊ’ करतं. चेक व्याकरणात आजही या व्यंजनांना मऊ आणि कठीण असंच म्हणतात. त्यामुळे शिकणाऱ्याला सात नवी अक्षरं पाठ करावी लागत नाहीत, एक नियम कळला की सातही कळतात. वेलांटी एकदा समजली की पोर कोणत्याही व्यंजनाला ती देऊन वाचू लागतं, तसं. हिंदीतला नुक्ताही टिंबच, पण त्याचं काम वेगळं. क खाली दिला की एक बदल, ज खाली दिला की दुसराच, प्रत्येक जोडी निराळी पाठ करायची. हुसच्या टिंबाला दिशा होती.

दुसरा फायदा असा की शब्दांतलं नातं दिसत राहतं. चेकमध्ये शब्द चालवताना व्यंजनं सारखी कठीणाची मऊ होतात. ‘दोक्तोर’ म्हणजे डॉक्टर. अनेक डॉक्टर आले की शेवटच्या र चा तो झ-मिश्रित र होतो. टिंब पद्धतीत अक्षर तेच राहतं, त्याच्या डोक्यावर खूण येते, आणि डोळ्याला शब्द ओळखीचा वाटतो.

जागाही वाचली. ‘र्झेच’ म्हणजे बोलणं, भाषा. जोडाक्षरी पद्धतीत पाच अक्षरं: आर, झेड, ई, सी, झेड. टिंब पद्धतीत तीन. शेजारच्या पोलिशने जोडांचीच वाट धरली, आणि तिथे हाच शब्द (अर्थ थोडा वेगळा, ‘वस्तू’) आजही त्याच पाच अक्षरांनी लिहितात. पोलिश आडनावं बघून आपली बोबडी वळते ती या जोडांमुळे. उच्चार तितके अवघड नसतात.

पुस्तिकेत शिकवण्यासाठी केलेली एक गंमत आहे. हुसने एक वाक्य रचलं, ज्यातला प्रत्येक शब्द वर्णमालेतल्या पुढच्या अक्षराने सुरू होतो. त्याची सुरुवात ‘आ बुदे त्सेले चेलेदी दानो द्येदित्स्त्वी’ अशी काहीशी आहे. ‘आणि सगळ्या परिवाराला वारसा दिला जाईल’ असा अर्थ. आता क्रम बघा. अ, ब, मग त्सेलेमधला त्स, लगेच चेलेदीमधला च, मग दानोमधला कठीण द, लगेच द्येदित्स्त्वीमधला मऊ द. कठीण आणि मऊ शेजारी शेजारी बसवलेत, म्हणजे फरक कानात भरावा. ज्याने हे केलं त्याने पोरांना किंवा प्रौढांना प्रत्यक्ष वाचायला शिकवलं असणार, अशी माझी खात्री आहे. नुसत्या पंडिताला हे सुचत नाही.

त्याने काही गोष्टी सोडूनही दिल्या. घशातला ख त्याने ‘सी-एच’ असा जोडानेच ठेवला. तो आजतागायत तसाच आहे. चेक शब्दकोशात ‘सी-एच’ हे स्वतंत्र अक्षर धरतात आणि त्याचं पान ‘एच’च्या नंतर येतं, शब्दकोड्यात ते एका चौकोनात बसतं. आणि एका ठिकाणी त्याचं टिंब उलटं चाललं: ‘एल’वर टिंब म्हणजे कठीण ल, मऊ नव्हे. हा कठीण ल प्रागमधल्या लोकांच्या तोंडून आधीच निसटत चालला होता. पुढे तो गेला, आणि ‘एल’वरचं टिंबही गेलं. बोलण्यात नसलेला फरक खूण करून वाचवता येत नाही.

टिंबाची कल्पना कुठून आली? प्रागमध्येच, विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एमाउझी नावाचा मठ होता. सम्राट चौथ्या चार्ल्सने १३४७ मध्ये तो स्थापला आणि तिथे क्रोएशियाच्या किनाऱ्यावरून ग्लागोलिती लिपीत लिहिणारे साधू आणून बसवले. ग्लागोलिती ही स्लाव्ह भाषांसाठीच घडवलेली लिपी. तिच्यात च ला एक अक्षर, श ला एक अक्षर, सगळं कसं चोख. १४१६ मध्ये तर या मठात चेक बायबलच ग्लागोलितीत लिहून काढलं गेलं. असा नमुना शहरात डोळ्यांसमोर असताना ‘ध्वनी एक, अक्षर एक’ हा विचार हवेत असणं स्वाभाविक आहे. खुणेचं रूप हिब्रूतल्या टिंबांवरून सुचलं असेल, असंही काही जण म्हणतात. हे अंदाज आहेत, आणि अंदाज म्हणूनच ते घ्यावेत.

पुस्तिका लिहिली गेली आणि लोक दुसऱ्या दिवसापासून टिंबं देऊ लागले, असं झालं नाही. राजाचा हुकूम नव्हता, मंडळ नव्हतं, शाळाखातं नव्हतं. हुस जाळला गेला, मग बोहेमियात पंधरा-वीस वर्षं युद्धं पेटली. पंधराव्या शतकातल्या पोथ्या बघितल्या तर एकाच पानावर जोडही दिसतात आणि टिंबंही. हाताला लागलेली सवय जाता जात नाही. आपल्याकडे १९६२ च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, तरी जुन्या पिढीतले लोक पत्रात ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ लिहीतच राहिले ना?

खरं वळण दिलं छापखान्याने. चेकमधली छपाई १४७० च्या दशकात प्ल्झेनला सुरू झाली, अख्खं चेक बायबल १४८८ मध्ये प्रागला छापलं गेलं. इथे टिंबाच्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे व्यवहार होता. विरुद्ध अशासाठी की टिंबवालं प्रत्येक अक्षर वेगळं ओतावं लागे. खिळ्यांची पेटी वाढे. बाजूने अशासाठी की एकदा खिळा ओतला की ओळीत जागा वाचते आणि जुळाऱ्याला दर वेळी ‘इथे कोणता जोड?’ हा विचार करावा लागत नाही. हळूहळू दुसरी बाजू जिंकली, पण पूर्ण नाही. ज्यांनी चिकाटीने ही पद्धत एका वळणावर आणली ते होते बोहेमियन ब्रदरन, हुसच्या परंपरेतला एक धर्मपंथ. १५३३ मध्ये नामेश्त्य गावी चेकचं पहिलं छापील व्याकरण निघालं. आणि १५७९ ते १५९४ या काळात ब्रदरननी क्रालित्से इथल्या गढीत बसून सहा खंडांचं बायबल छापलं. घरोघर गेलेलं ते चेक. पुढची दोन-अडीच शतकं ‘बरोबर कसं लिहायचं?’ याचं उत्तर ‘क्रालित्सेच्या बायबलात बघ’ हेच होतं.

१६२० मध्ये पांढऱ्या डोंगराच्या लढाईत प्रोटेस्टंट हरले. ब्रदरन देशोधडीला लागले, त्यांच्या ग्रंथांवर बंदी आली. पण कॅथलिकांनी आपली चेक पुस्तकं छापायला घेतली तेव्हा ती लिहिली मात्र त्याच वळणाने. ग्रंथ पाखंडी, शुद्धलेखन पवित्र!

या छपाईच्या काळातच टिंबाचं रूप बदललं. गॉथिक वळणाच्या ठसठशीत खिळ्यांत गोल टिंब फिसकटतं, शाईत बुडतं, नाहीतर दिसतच नाही. त्याला टोक आलं, मग ते दोन बारीक फटकाऱ्यांचं झालं, आणि शेवटी आजचं उलटं छप्पर. चेकमध्ये त्याला हाचेक म्हणतात, म्हणजे छोटा आकडा, हूक. लांब स्वराच्या रेघेला चार्का, म्हणजे छोटी रेघ. दोन्ही लाडाची नावं. उंच अक्षरांवर हाचेकला जागा पुरत नाही म्हणून छपाईत लहान ‘डी’ आणि ‘टी’च्या शेजारी नुसता स्वल्पविरामासारखा फराटा देतात, हाताने लिहिताना मात्र कुणी कुणी पूर्ण हूक काढतात. मूळ गोल टिंब बघायचं असेल तर पोलंडला जा. तिथे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला चेकच्या प्रभावाखाली लेखनाच्या सूचना झाल्या, बाकीच्या बऱ्याचशा विरून गेल्या, पण एका ‘झेड’वर टिंब राहिलं ते अजून आहे. घरच्यांनी बदललेला दागिना शेजारणीच्या कपाटात जुन्या घडणीचा सापडावा, तसं.

तिसरी एक खूण आहे ती मला सगळ्यांत आवडते: ‘यू’वरचा छोटा गोल. उच्चार साधा दीर्घ ऊ. मग दीर्घ ऊ साठी रेघ असताना हा गोल कशाला? तो गोल म्हणजे खरं तर ‘ओ’ आहे. घोड्याला जुन्या चेकमध्ये आधी दीर्घ ओ लावून ‘कोन्य’ म्हणत, मग तो ओ फुटून ‘कुओन्य’ झाला, मग नुसता ‘कून्य’. लिहिणाऱ्यांनी यू वर इवलासा ओ ठेवला, आणि उच्चारातून ओ गेला तरी गोल राहिला. तो आजही उपयोगी पडतो. ‘दूम’ म्हणजे घर आणि ‘दोमु’ म्हणजे घराचं. गोल दिसला की पुढच्या रूपात ओ परत येणार, हे कळतं. भाषेच्या तोंडातून निघून गेलेला आवाज तिच्या डोक्यावर टोपीसारखा बसलाय.

एक प्रश्न मात्र ना हुसला सुटला, ना नंतरच्यांना. चेकमध्ये ‘आय’ आणि ‘वाय’ दोन्ही लिहितात आणि आज दोन्हींचा उच्चार एकच, इ. हुसच्या काळी फरक होता, पण मावळत चालला होता. पुढे तो गेला आणि लिखाणात राहिला. ‘बीत’ म्हणजे असणं आणि ‘बीत’ म्हणजे मारणं, कानाला सारखेच. एकात वाय, दुसऱ्यात आय. म्हणून चेक पोरांना शाळेत वाय लागणाऱ्या शब्दांच्या याद्या व्यंजनानुसार घोकाव्या लागतात. शहामृगातला श आणि पोटफोड्या ष आपण जसे घोकले, तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोणत्या अक्षरांनंतर आय आणि कोणत्या अक्षरांनंतर वाय, यावरून चेक पंडितांचे दोन तट पडले होते, आणि भांडण तावातावाने चाललं. बाहेरच्याला हसू येतं. पण दीर्घ ‘ई’वरून संपादकाशी अर्धा तास हुज्जत घातलेल्या माणसाने हसू नये.

त्याच शतकात उरलेली झाडलोट झाली. तोवर य साठी ‘जी’ लिहीत आणि व साठी डबल्यू; १८४० च्या दशकात ‘जी’च्या जागी ‘जे’ आला, १८४९ मध्ये डबल्यूच्या जागी ‘व्ही’. लेखन साधारण आजच्यासारखं दिसू लागलं. तेव्हाच टिंबाच्या वंशजाने सरहद्द ओलांडली. क्रोएशियात ल्युदेवित गाय याने १८३० च्या दशकात चेक नमुना समोर ठेवून आपल्या लेखनाची मांडणी केली, स्लोव्हेननी ती उचलली. स्लोव्हाकांनी चेकचंच वळण घेतलं. विसाव्या शतकाच्या तोंडाशी लिथुआनियनांनी पोलिश पद्धतीचे ‘सी-झेड’, ‘एस-झेड’ टाकून हूकवाली अक्षरं घेतली, कारण जोड दिसले की भाषा पोलिश वाटे आणि तेच त्यांना नको होतं. पुढे लॅटव्हियननीही हूक घेतला.

मोबाइल आले तेव्हा या सगळ्याला एक वेगळीच कात्री लागली. साध्या अक्षरांत एसएमएस लिहिला तर १६० अक्षरं बसत. एकही हूक टाकला की मर्यादा ७० वर येई. देवनागरी संदेशाचीही तीच गत होती, आठवत असेल. मग चेक लोकांनी खुणा गाळून लिहायला सुरुवात केली, आणि घाईत कित्येक जण अजूनही तसंच लिहितात. ‘पस’ म्हणजे पासपोर्ट आणि ‘पास’ म्हणजे पट्टा, रेघ गेली की दोन्ही एक. ‘सी’ पुन्हा च ही आणि त्स ही. अडत नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना ओळखतात, जसे लितोमेर्झित्सेच्या दानपत्रावर भर घालणारा आणि ती वाचणारा बोगुचेयला ओळखत होते.